लॉजिक गेममधले ‘नियम बदला’ प्रश्न: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘नियम बदला’ प्रश्न म्हणजे नेमका कसला प्रश्न?

अमेरिकेतल्या लॉ कॉलेजांसाठी एलसॅट ही प्रवेश परीक्षा आहे. तिच्या अ‍ॅनालिटिकल रीझनिंग विभागाला सगळे लॉजिक गेम म्हणत. थोडी माहिती आणि तीन-चार नियम दिलेले असत, त्यावर पाच-सात प्रश्न. त्यातला एक प्रश्न, बहुतेक वेळा गेमच्या शेवटी, असा यायचा: ‘अमुक नियम काढून त्याच्या जागी खालीलपैकी कोणता नियम घातला, तर क्रम ठरवण्यावर तोच परिणाम होईल?’

इतर प्रश्नांत नियम पक्के असतात आणि आपण मांडणी शोधतो. इथे उलट आहे. मांडण्यांचा संच पक्का, आणि आपण असा नियम शोधतो जो नेमका तोच संच देईल. मुलं या प्रश्नाला घाबरतात ते या उलट्या दिशेमुळे. प्रत्यक्षात तो तेवढा अवघड नाही.

लॉजिक गेम तर एलसॅटमधून गेले ना? मग आता हे कशाला शिकायचं?

गेले, हे खरं. ऑगस्ट २०२४ पासून एलसॅटमध्ये हा विभाग नाही. आता गुण धरले जातात ते लॉजिकल रीझनिंगच्या दोन आणि उताऱ्यांच्या एका विभागाचे. बदलाचं मूळ एका खटल्यात आहे. हे गेम सोडवायला बहुतेक जण आकृत्या काढत, आणि दृष्टिहीन परीक्षार्थींवर त्यामुळे अन्याय होत होता. २०१९ मध्ये तडजोड झाली आणि परीक्षा घेणाऱ्या लॉ स्कूल अ‍ॅडमिशन कौन्सिलने या विभागाचा फेरविचार करायचं मान्य केलं. तो बदल योग्यच होता असं मला वाटतं. आपल्याकडे होणाऱ्या एलसॅट इंडियातही हा विभाग होता, पण ती परीक्षाच २०२४ नंतर बंद झाली.

तरी मी हे अजून शिकवतो. एखादी अट आवश्यक आहे की पुरेशी, की दोन्ही, हे ओळखण्याचा इतका स्वच्छ सराव मला दुसऱ्या कोणत्याही प्रश्नप्रकारात मिळालेला नाही. आणि नव्या एलसॅटमध्ये दोनदा येणारं लॉजिकल रीझनिंग बऱ्याच अंशी याच फरकावर उभं आहे.

एक पूर्ण उदाहरण द्याल का?

देतो. पुढचे बरेच प्रश्न याच उदाहरणावर आहेत, तेव्हा कागद-पेन्सिल घेऊनच बसा.

एका व्याख्यानमालेत सहा दिवस सहा विषय आहेत, रोज एक: इतिहास (इ), कायदा (क), गणित (ग), नाटक (न), वैद्यक (व) आणि शेती (श). नियम चार:

पहिला: कायदा गणिताच्या आधी.
दुसरा: नाटक आणि वैद्यक दोन्ही गणितानंतर.
तिसरा: शेती वैद्यकाच्या आधी.
चौथा: इतिहास शेवटच्या दिवशी नाही.

प्रश्न: पहिल्या नियमाच्या जागी खालीलपैकी कोणता नियम घातला तर विषयांच्या क्रमावर तोच परिणाम होईल?

१. कायदा गणिताच्या बरोबर आदल्या दिवशी.
२. कायदा पहिल्या तीन दिवसांत.
३. कायदा नाटक आणि वैद्यक या दोन्हींच्या आधी.
४. गणित तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर.
५. कायद्याच्या आधी काही असेल, तर ते शेती आणि इतिहास यांपैकीच.

पुढे वाचण्याआधी दोन मिनिटं स्वतः झगडून बघा.

‘तोच परिणाम’ याचा अर्थ नक्की काय घ्यायचा?

सगळी गोम या दोन शब्दांत आहे. जुन्या नियमाने जेवढ्या मांडण्या चालत होत्या त्या सगळ्या नव्यानेही चालल्या पाहिजेत, आणि जेवढ्या चालत नव्हत्या त्यातली एकही नव्याने आत येता कामा नये. म्हणजे तपासण्या दोन. एक: नवा नियम जास्तीचं काही अडवतो का? दोन: नवा नियम जास्तीचं काही सोडतो का? पहिल्या तपासणीत नापास झालेल्या पर्यायाला आम्ही क्लासमध्ये ‘घट्ट’ म्हणतो, दुसरीत नापास झालेल्याला ‘सैल’.

मराठी माध्यमात शिकलेल्यांना हे नवं नाही. दहावीच्या भूमितीत पायथागोरसचं प्रमेय शिकलो आणि लगेच त्याचा व्यत्यासही शिकलो. दोन्ही वेगळे सिद्ध करावे लागले, कारण प्रमेय खरं म्हणून व्यत्यास आपोआप खरा होत नाही. नियम बदलतानाही प्रमेय आणि व्यत्यास दोन्ही सिद्ध झाल्याशिवाय उत्तर बरोबर ठरत नाही.

आता पर्याय तपासून दाखवा.

पर्याय १ घट्ट आहे. क, श, ग, इ, न, व ही मांडणी बघा. चारही मूळ नियम पाळले जातात, पण कायदा आणि गणित यांच्या मध्ये शेती आहे. पर्याय १ ही मांडणी बाद करेल. चालणारी एक जरी मांडणी बाद झाली तरी पर्याय गेला.

पर्याय २ मात्र भल्याभल्यांना फसवतो. माझ्याकडे येणारी एक मुलगी यावर अडून बसली होती. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सहा रकाने आखलेले, आणि पेन्सिलचं टोक पहिल्या तीन रकान्यांवर आपटत ती म्हणाली, “सर, कायद्यानंतर गणित, नाटक, वैद्यक असे तीन विषय येतातच. मग कायदा पहिल्या तीन दिवसांतच असणार. हे तर सिद्धच झालं!” तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. मी फक्त एवढंच म्हटलं, “आता पहिल्या रकान्यात गणित लिही, दुसऱ्यात कायदा, आणि बाकीचे भर.” तिने ग, क, श, इ, न, व असं लिहिलं. दुसरा नियम पाळला, तिसरा पाळला, चौथा पाळला, कायदा पहिल्या तीन दिवसांतही आहे. आणि गणित कायद्याच्या आधी बसलंय. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि बराच वेळ त्या रकान्यांकडे बघत राहिली. मूळ नियमातून निघणारं प्रत्येक सत्य त्या नियमाची जागा घेऊ शकत नाही, हे त्या दिवशी तिला जे कळलं ते मग ती विसरली नाही.

पर्याय ३ त्याच मांडणीने पडतो. ग, क, श, इ, न, व मध्ये कायदा नाटकाच्याही आधी आहे आणि वैद्यकाच्याही. एका दगडात दोन पक्षी, म्हणून अशी मांडणी एकदा सापडली की ती प्रत्येक उरलेल्या पर्यायावर लावून बघायची.

पर्याय ४ दोन्हीकडून चुकतो. क, ग, श, इ, न, व या चालणाऱ्या मांडणीत गणित दुसऱ्या दिवशी आहे, ती तो अडवतो. आणि श, इ, ग, क, न, व ही न चालणारी मांडणी तो सोडतो.

राहिला पर्याय ५. मूळ नियमांनुसार गणित कायद्यानंतर, नाटक आणि वैद्यक गणितानंतर, म्हणजे कायद्याच्या आधी यायला शेती आणि इतिहासच उरतात. हे झालं प्रमेय. आता व्यत्यास: कायद्याच्या आधी शेती-इतिहासाखेरीज काहीच नसेल तर गणितही आधी नाही, म्हणजे ते कायद्यानंतर आहे. मूळ नियम परत हातात आला. उत्तर ५.

घट्ट-सैल हे आकड्यांत दाखवता येईल का?

येईल. परीक्षेत हे करायचं नाही, पण एकदा घरी केलं की गोष्ट मनात पक्की बसते.

पहिला नियम काढून टाकला, तर बाकीच्या तीन नियमांत बसणाऱ्या मांडण्या १२५ होतात. पहिला नियम परत घातला की उरतात ३५. म्हणजे त्या नियमाचं काम आहे १२५ मधून नेमक्या ९० बाद करणं. पर्याय १ घातला तर उरतात २०, म्हणजे चालणाऱ्या १५ मांडण्या विनाकारण गेल्या. पर्याय २ घातला तर ६०, म्हणजे २५ आगंतुक आत आल्या. पर्याय ३ घातला तर ७०, थेट दुप्पट. पर्याय ५ घातला की पुन्हा ३५, आणि त्याच ३५.

‘त्याच’ हा शब्द महत्त्वाचा. आकडा जुळला पण मांडण्या वेगळ्या असल्या तर तो पर्याय चूकच.

मोजायचे कसे ते ३५?

आधी इतिहास बाजूला ठेवा. क, ग, न, व हे क-ग-न-व किंवा क-ग-व-न असेच येऊ शकतात. पहिल्यात वैद्यकाच्या आधी शेती ठेवायला ४ जागा, दुसऱ्यात ३, एकूण ७. आता पाच विषयांच्या प्रत्येक ओळीत इतिहासासाठी ६ जागा, त्यातली शेवटची वर्ज्य, उरल्या ५. सात पंचे पस्तीस. १२५ चा आकडा याच पद्धतीने स्वतः काढून बघा.

दिलेला पर्याय मूळ नियमाशी अजिबात संबंधित दिसत नाही. तरी तो बरोबर असू शकतो?

हो, कारण नवा नियम एकटा काम करत नसतो, उरलेले नियम त्याच्या सोबत असतात. याचं माझं आवडतं उदाहरण ट्रेकच्या सॅकचं आहे. नियम असे: तंबू घेतला तर दोर घ्यायचाच. आणि दोर आणि शिडी यांपैकी नेमकी एकच वस्तू घ्यायची.

आता पहिल्या नियमाच्या जागी हे घाला: ‘तंबू आणि शिडी एकत्र घ्यायची नाही.’ यात दोराचं नावसुद्धा नाही! पण तपासा. तंबू घेतला, म्हणजे शिडी नाही. शिडी नाही, म्हणजे दुसऱ्या नियमाने दोर आलाच. उलट दिशेने: तंबू घेतला तर दोर घ्यायचा, दोर आला की शिडी गेली, म्हणजे तंबू आणि शिडी एकत्र नाहीतच. दोन्ही बाजूंनी जुळतं.

म्हणून ‘यात तर दोराचा उल्लेखच नाही’ असं म्हणून पर्याय खोडू नका. परीक्षक बरोबर उत्तर बहुतेक वेळा अशाच वेशात आणतात, आणि मूळ नियमासारखे दिसणारे पर्याय सापळ्यासाठी ठेवतात.

‘तर’ आणि ‘तरच’ यात मी नेहमी गोंधळतो. काय करू?

मराठीत हा फरक एका ‘च’वर तोललेला आहे, आणि तो सावकाश वाचणं हाच इलाज. ‘तंबू घेतला तर दोर घ्यायचा’ आणि ‘दोर घेतला तरच तंबू घ्यायचा’ या दोन्हींचा अर्थ एकच आहे. ‘दोर घेतला तर तंबू घ्यायचा’ हे मात्र वेगळं, तो व्यत्यास झाला. कागदावर बाण काढा: तंबूकडून दोराकडे. मग पर्यायातल्या प्रत्येक वाक्याचा बाण काढा आणि दिशा जुळते का बघा. ‘दोर नसेल तर तंबू नाही’ या वाक्याचा बाण दोन्हीकडे नकार लावून उलटा फिरवला की पुन्हा तोच मूळ बाण मिळतो. बारावीच्या गणितात तर्कशास्त्राच्या धड्यात हेच केलेलं आहे.

दिवसांच्या बाबतीत असाच घोटाळा ‘आधी’ आणि ‘आदल्या दिवशी’ यांत होतो. दोन्ही शब्दांवर गोल करायची सवय लावा.

पेपरात वेळ कुठून आणायचा? एका गेमला नऊ मिनिटंही मिळत नाहीत.

जुन्या एलसॅटमध्ये ३५ मिनिटांत चार गेम असत, म्हणजे एकाला पावणेनऊ मिनिटं. एवढ्यात प्रत्येक पर्यायासाठी नव्याने मांडण्या करत बसलात तर वेळ संपणारच. त्यामुळे आधीच्या प्रश्नांचं कच्चं काम खोडू नका. ते या प्रश्नासाठी कमावून ठेवलेलं भांडवल आहे.

आधीच्या प्रश्नांत ज्या पूर्ण मांडण्या चालल्या, त्या पर्यायांवर लावा. कोणताही पर्याय त्यातली एखादी अडवत असेल तर तो घट्ट, लगेच बाद. यात बहुतेक वेळा दोन पर्याय अर्ध्या मिनिटात जातात.

सैल पर्याय पकडण्यासाठी एक युक्ती आहे जी फारसं कुणी सांगत नाही. गेमचा पहिला प्रश्न सहसा ‘खालीलपैकी कोणता क्रम चालेल’ असा असतो, आणि त्यातला एखादा पर्याय आपण नेमका त्याच नियमामुळे खोडलेला असतो जो आता बदलायचा आहे. तो खोडलेला क्रम परत बघा. तो फक्त तोच एक नियम मोडत असेल आणि बाकीचे पाळत असेल, तर तुमच्याकडे आयती ‘न चालणारी’ मांडणी आहे. जो पर्याय तिला आत घेईल तो सैल. दुसरा नियमही मोडला जातोय का हे मात्र आधी तपासा, नाहीतर बरोबर उत्तरही खोडलं जाईल.

तसा क्रम मिळाला नाही तर स्वतः एकच मांडणी करा: मूळ नियम मुद्दाम मोडा आणि बाकीचे सगळे पाळा.

बरोबर उत्तराचा अंदाज पर्याय वाचण्याआधी बांधता येतो का?

कधी कधी. साखळीच्या गेममध्ये, म्हणजे जिथे बहुतेक नियम आधी-नंतरचे असतात, बरोबर उत्तर पुष्कळदा ‘अमक्याच्या आधी फक्त हे-हेच येऊ शकतात’ किंवा ‘अमक्यानंतर फक्त हे-हेच’ या रूपात येतं, आपल्या पर्याय ५ सारखं. निवडीच्या गेममध्ये ते नेमकी-एकच-वस्तू अशा नियमाचा आधार घेऊन नाव बदलून येतं, सॅकसारखं. पण अंदाज बांधण्यात पूर्ण मिनिट घालवू नका.

शेवटी दोन पर्याय उरले आणि वेळ संपत आला तर?

एलसॅटमध्ये चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, तेव्हा एक निवडून पुढे जा. दोघांत जो मूळ नियमाचा नुसता परिणाम सांगतोय, तो टाळा. कॅटसारख्या परीक्षेत, जिथे चुकलेल्या बहुपर्यायी प्रश्नाला एक गुण वजा होतो, तिथे हाच सल्ला जसाच्या तसा वापरू नका.

मी बँकेच्या किंवा सीसॅटच्या तयारीत आहे. मला याचा उपयोग काय?

तिथे हा प्रश्न या रूपात येत नाही. पण बैठक व्यवस्थेच्या कोड्यांत ‘नियम एकटा काय सांगतो आणि बाकीच्यांसोबत काय सांगतो’ हीच नजर लागते. दिलेली माहिती पुरेशी आहे का, हा प्रश्नप्रकार तर याचा सख्खा भाऊ आहे, आणि तो जीमॅटमध्येही आहे. फरक एवढाच की तिथे एकाच दिशेची तपासणी असते: माहितीतून उत्तर नक्की ठरतं का. इथे दोन दिशा असतात. ज्याला दोन दिशा जमल्या त्याला एक जड जात नाही, हे मी वर्षानुवर्षं बघतोय.

एकच वाक्य एका नियमाच्या जागी बरोबर आणि दुसऱ्याच्या जागी चूक ठरू शकतं?

ठरतं, आणि मला या सगळ्या प्रकारात सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच आहे. पुन्हा व्याख्यानमालेकडे या. वाक्य घ्या: ‘शेवटच्या दिवशी नाटक किंवा वैद्यकच.’

ते चौथ्या नियमाच्या जागी घाला. पहिले तीन नियम शिल्लक आहेत. त्यांनी कायदा, गणित आणि शेती शेवटी येऊच शकत नाहीत, कारण प्रत्येकाच्या नंतर काहीतरी यावंच लागतं. शेवटच्या दिवसासाठी उरतात नाटक, वैद्यक आणि इतिहास. त्यातून इतिहास काढणं आणि ‘नाटक किंवा वैद्यकच’ म्हणणं एकच आहे. उत्तर बरोबर.

आता तेच वाक्य तिसऱ्या नियमाच्या जागी घाला. मूळ नियमांतून ते खरं निघतंच, त्यामुळे घट्ट नाही. पण क, ग, व, श, इ, न बघा. शेवटी नाटक आहे, पहिला, दुसरा, चौथा नियम पाळलाय, आणि शेती वैद्यकानंतर आली आहे. सैल, म्हणून चूक.

घरी सराव कसा करू?

जुने एलसॅट पेपर मिळाले तर उत्तमच, पण त्याहून उपयोगी म्हणजे स्वतः पर्याय तयार करणं. कोणताही सोडवलेला गेम घ्या, एक नियम निवडा आणि त्यासाठी एक घट्ट, एक सैल, एक दोन्हीकडून चुकलेला आणि एक बरोबर पर्याय लिहा. प्रत्येक चुकीच्या पर्यायाखाली त्याला पाडणारी मांडणीही लिहायची. आठवड्याला असे दोन गेम झाले तरी महिन्याभरात फरक पडतो.

सुरुवात व्याख्यानमालेच्या तिसऱ्या नियमापासून करा. त्याचा बरोबर पर्याय माझा हा आहे: ‘वैद्यकानंतर काही असेल, तर ते नाटक आणि इतिहास यांपैकीच.’ दोन्ही दिशा तुम्ही तपासा. ‘शेती शेवटच्या दिवशी नाही’ हा पर्याय का पडतो ते शोधा, आणि त्याला पाडायला या पानावरची कोणती मांडणी पुरते तेही बघा.